शर्टाचं वरचं बटण लागेना : छातीतली मोठी शीर अडली तर उपचार काय?

काकूंनी पिशवीतून घडी घातलेला पांढरा शर्ट काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "सिस्टर, हा गणपतीत शिवलाय. तेव्हा कॉलर सैल होती, आता वरचं बटण लागत नाही. आणि वजन म्हणाल तर सहा किलो उतरलंय."

शेजारी काका बसले होते. एसटीचे निवृत्त चालक, राहणार कळवा. चेहरा फुगलेला, पापण्या जड, ओठांवर निळसर झाक. आडवं झालं की गुदमरतं म्हणून तीन आठवडे आरामखुर्चीत बसून झोप काढत होते. सकाळी सूज जास्त, दुपारपर्यंत थोडी उतरायची. त्यामुळे एका दवाखान्यात अॅलर्जीच्या गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे थायरॉइडची तपासणी झाली. त्या शर्टाबद्दल मात्र कुणी विचारलं नव्हतं. वजन उतरतंय आणि गळा जाड होतोय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की छातीचा फोटो काढायलाच हवा. काकूंनी ते न शिकता ओळखलं होतं.

मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात २२ वर्षं नर्स आहे. त्यातली बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात आणि कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरांतून तार घालून उपचार करतात त्या खोलीत, गेली. कॉरिडॉरमध्ये नातेवाईक जे प्रश्न घाईघाईत विचारतात आणि ज्यांची उत्तरं तितक्याच घाईत दिली जातात, ती इथे निवांत लिहिते आहे. निर्णय डॉक्टरच घेतील. पण ते काय सांगतायत हे आपल्याला कळलं तर निम्मी भीती कमी होते.

ही शीर कोणती?

डोकं, मान, दोन्ही हात आणि छातीचा वरचा भाग इथलं वापरून झालेलं रक्त हृदयाकडे परत आणणारी एकच मोठी शीर आहे. शाळेच्या पुस्तकात तिला ऊर्ध्व महाशिरा म्हणतात, डॉक्टर एसव्हीसी म्हणतात. लांबी साधारण ७ सेंटिमीटर, रुंदी सुमारे २ सेंटिमीटर. म्हणजे करंगळीएवढी लांब आणि अंगठ्याएवढी जाड. हृदयाकडे परत येणाऱ्या एकूण रक्तातलं साधारण एक तृतीयांश रक्त या एवढ्याशा नळीतून जातं.

ती छातीच्या मधल्या हाडामागे, उजव्या बाजूला असते. जागा फार दाटीची. श्वासनळी शेजारी, उजव्या फुप्फुसाकडे जाणारी फांदी मागे, महाधमनी डावीकडे आणि सगळीकडे लिम्फच्या गाठी. धमनीची भिंत जाड असते, आत दाबही जोरदार असतो, त्यामुळे ती सहजासहजी दबत नाही. शिरेची भिंत पातळ आणि आतला दाब अगदी कमी. बागेतल्या रबरी नळीवर पाय पडावा तशी ती शेजारच्या गाठीने दबते.

दबली की वरचं रक्त खाली उतरत नाही. चेहरा सुजतो, मान भरते, हात जड होतात, बांगड्या आणि अंगठी घट्ट होते. वाकून चपलेचा पट्टा लावताना किंवा देवापुढे डोकं टेकवताना डोक्यात दाटून येतं. खोकला, घोगरा आवाज, डोकेदुखी, धाप. छातीवर निळ्या शिरा दिसू लागतात. काकांची तपासणी करताना डॉक्टरांनी अशाच एका शिरेवर दोन बोटं ठेवली, बोटं एकमेकांपासून लांब नेत मधलं रक्त रिकामं केलं आणि मग एक-एक बोट उचलून पाहिलं. शीर वरून खाली भरत होती. वरचं रक्त नेहमीचा रस्ता सोडून पोटाच्या दिशेने निघालं होतं.

हे समजायला आपला खाडीवरचा प्रवास आठवा. नवी मुंबईहून मुंबईला जायचंय आणि वाशीचा पूल तुंबलाय. मग गाड्या ऐरोलीच्या पुलाकडे वळतात. ऐरोलीही तुंबला तर कळवा, ठाणे असा सगळा वळसा. पोचतो आपण, पण उशिरा, आणि वाटेतला प्रत्येक नाका भरलेला. शरीरातही असे आडमार्ग असतात. त्यातला मुख्य म्हणजे पाठीच्या कण्याजवळून वर चढणारी अझायगस नावाची शीर. ती मागून येऊन या मोठ्या शिरेला मिळते. अडथळा तिच्या तोंडाच्या वर असेल तर रक्त अझायगसमधून वळून हृदयात शिरतं, त्रास बेताचा राहतो. अडथळा तिच्या तोंडाशी किंवा खाली असेल तर तो मार्गही बंद. मग रक्ताला छाती-पोटाच्या बारीक शिरांतून पार खालच्या महाशिरेपर्यंत वळसा घालावा लागतो. त्रास वाढतो.

आडमार्ग रुंद व्हायला वेळ लागतो. म्हणून महिनोनमहिने हळूहळू अरुंद होत गेलेली शीर पूर्ण बंद पडली तरी पेशंट चालत ओपीडीत येतो आणि चार दिवसांत अचानक बंद झालेल्या शिरेचा पेशंट स्ट्रेचरवरून येतो.

अडथळा कशाचा, हा पहिला प्रश्न

नातेवाईक पहिल्याच दिवशी विचारतात, "सिस्टर, यावर सगळ्यात चांगला उपचार कुठला?" या प्रश्नाला तोपर्यंत उत्तरच नसतं, जोपर्यंत शीर कशामुळे अडली हे कळत नाही. बाहेरून कुणी दाबतंय का, आत रक्ताची गुठळी झालीय का, की शिरेची भिंतच आतून चिवट होऊन आकसलीय? पुष्कळदा दोन कारणं एकत्र असतात, कारण दबलेल्या शिरेत रक्त रेंगाळतं आणि रेंगाळलेलं रक्त गोठतं.

या आजाराचं पहिलं वर्णन १७५७ साली विल्यम हंटर यांनी केलं, तेव्हा कारण होतं सिफिलिसमुळे फुगलेली महाधमनी. पुढे कितीतरी वर्षं क्षयरोग आणि सिफिलिस हीच मोठी कारणं होती. आज बहुतेकदा कारण कॅन्सर निघतं. फुप्फुसाचा सगळ्यात जास्त, त्यानंतर लिम्फोमा म्हणजे लिम्फच्या गाठींचा कॅन्सर. छातीच्या मधल्या भागात होणाऱ्या जर्म सेल गाठी (बीजपेशींपासून होणारा कॅन्सर), थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या गाठी, स्तनाच्या कॅन्सरचा पसरलेला भाग हेही असतात. आपल्याकडे क्षयाच्या गाठी आणि त्यांच्यामागे राहिलेले व्रण विसरून चालत नाही.

दुसरा गट गेल्या काही दशकांत वाढलाय, आणि तो आम्हीच, म्हणजे वैद्यकीय उपचारांनी वाढवलाय. मोठ्या शिरेत बसवलेल्या नळ्या आणि तारा. डायलिसिसची मानेतली नळी, किमोसाठी त्वचेखाली बसवलेली डबी म्हणजे पोर्ट, हातातून आत सरकवलेली पिक लाइन, पेसमेकरच्या तारा. या नळ्या जीव वाचवतात. पण शिरेच्या भिंतीला रोज घासत राहतात, तिथे व्रण होतो, गुठळी बसते.

कारण शोधायला रंगद्रव्य सोडून छातीचा सीटी स्कॅन करतात. अडथळा किती लांबीचा, अझायगसच्या वर की खाली, गुठळी आहे का, गाठ कुठून आलीय, सगळं त्यात दिसतं. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा, तपासतात, कारण रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आधीच सांगा. स्कॅनच्या टेबलावर सपाट झोपावं लागतं, आणि या पेशंटला नेमकं तेच जमत नाही. काकांना आम्ही पाठीखाली उशा देऊन शेवटच्या क्षणापर्यंत बसतं ठेवलं, मग दोन-तीन मिनिटांपुरतं आडवं केलं. आत नेण्यापूर्वी "आडवं झोपता येत नाही" हे टेक्निशियनला स्पष्ट सांगणं नातेवाइकांचं काम आहे.

मग तुकडा. बायोप्सी. मानेत गाठ हाताला लागत असेल तर तिथून, छातीत पाणी असेल तर ते काढून, नाहीतर दुर्बिणीने श्वासनळीतून किंवा सीटीच्या मदतीने सुई घालून.

इथे घरच्यांचा धीर सुटतो. "माणूस गुदमरतोय आणि तुम्ही तुकडे कसले तपासताय? आधी काहीतरी द्या ना!" काकांचा मुलगा रात्री साडेदहाला हेच बोलला, आवाज चढवून. मला त्याचा राग आला नाही. एके काळी डॉक्टरही असंच करायचे. ही शीर अडली म्हणजे तातडीची अवस्था, तुकडा न काढताच रेडिएशन सुरू. नंतर लक्षात आलं की श्वासनळी आणि मेंदूवर संकट नसेल तर एक-दोन दिवस थांबल्याने बहुतेक पेशंटचं नुकसान होत नाही. उलट आधीच रेडिएशन किंवा स्टिरॉइड दिलं तर गाठीचं रूप बदलतं. लिम्फोमाच्या गाठी स्टिरॉइडने इतक्या पटकन विरतात की नंतर काढलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. मग आजार आहे, पण त्याचं नाव माहीत नाही, आणि नाव नाही म्हणून नेमकं औषध नाही. पूर्ण बरा होऊ शकणारा आजार असा हातचा निसटतो. म्हणून ते दोन दिवस मला वाया गेलेले वाटत नाहीत. मी त्या मुलालाही हेच सांगितलं.

थांबता येत नाही अशा खुणा वेगळ्या आहेत. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, म्हणजे स्वरयंत्राला सूज. गोंधळ, बडबड, न आवरणारी गुंगी, म्हणजे मेंदूला सूज. वाकलं किंवा उठलं की शुद्ध हरपणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि पेशंटला बसवूनच आणा. स्ट्रेचरवर सपाट झोपवू नका.

पहिल्या रात्री काय करतात

पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. गरज असेल तर ऑक्सिजन. आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येक नवीन सिस्टरला पहिल्या दिवशी शिकवते : हातात सलाइन नाही. हातातून सोडलेलं पाणी आणि औषध त्याच अडलेल्या शिरेकडे जाणार. सूज वाढणार, औषध रेंगाळणार. सुई पायाला लावायची. शक्य असेल तिथे रक्त काढणं, बीपी मोजणं हेही सुजलेल्या हातावर टाळायचं. काकांच्या फाइलवर मी लाल पेनने लिहिलं, "दोन्ही हातांना सुई नको". तुमच्या माणसाच्या बाबतीत असं कुणी लिहिलं नसेल तर तुम्ही लिहायला सांगा.

लघवी होण्याची इंजेक्शनं पूर्वी सर्रास दिली जात. सूज दिसली की पाणी काढा, हा साधा विचार. पण इथे पाणी जास्त नाहीये, रस्ता अडलाय. त्या इंजेक्शनांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही आणि जास्त दिली तर शरीर कोरडं पडून रक्त घट्ट होतं. स्टिरॉइडचा उपयोग लिम्फोमा आणि थायमसच्या गाठीत होतो, किंवा रेडिएशन चालू असताना सूज आवरायला. पण तुकडा निघाल्यानंतर, हे पुन्हा सांगते.

स्टेंट

लवकर आराम देण्यात याच्या जवळपास येणारं दुसरं काही नाही. हृदयाच्या स्टेंटबद्दल आता सगळ्यांना माहीत आहे. हाही तसाच, पण आकाराने बराच मोठा, बहुधा १४ ते १६ मिलिमीटर रुंदीचा. नितिनॉल नावाच्या मिश्रधातूची जाळी. आत नेताना ती बारीक नळीत मिटलेली असते, बाहेर सोडली की आपोआप उघडते आणि शिरेची भिंत आतून धरून ठेवते.

पूर्ण भूल बहुतेक वेळा लागत नाही. जांघेत फक्त तेवढी जागा बधिर करतात, तिथल्या शिरेतून बारीक तार वर सरकवतात. पोटातून, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून, अडलेल्या जागेपर्यंत. कधी मानेतून किंवा हातातूनही जावं लागतं. तार अडथळ्यापलीकडे जाणं हा सगळ्यात अवघड भाग. काकांच्या वेळी ती २० मिनिटं जात नव्हती. डॉक्टर तार जराशी फिरवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा पुढे. पडद्यावर तार टोकाशी वळायची आणि परत यायची. मग एकदा सरकन वर गेली. पुढचं काम भराभर झालं. फुग्याने जागा थोडी रुंद केली, स्टेंट सोडला, रंगद्रव्य टाकून पाहिलं. मघाशी दहा बारीक वाटांनी पसरणारं रंगद्रव्य आता एका सरळ रेघेत हृदयात उतरत होतं.

काका टेबलावरच म्हणाले, "डोक्यावरचं पोतं उतरलं." डोकेदुखी आणि डोक्यातलं दाटणं बऱ्याचदा असंच लगेच कमी होतं. चेहऱ्याची सूज एक ते तीन दिवसांत, हातांची त्यानंतर. त्या रात्री ते तीन आठवड्यांनी आडवे झोपले.

आणखी एक फायदा नातेवाइकांना क्वचित कुणी सांगतं. स्टेंटमुळे गाठीचं रूप बदलत नाही. पेशंट अत्यवस्थ असेल आणि तुकडा काढायला वेळ नसेल तर स्टेंट आधी घालून रस्ता मोकळा करता येतो आणि तुकडा नंतर निवांत काढता येतो. सपाट झोपू न शकणाऱ्या पेशंटला रेडिएशनच्या टेबलावर झोपता यावं म्हणूनही आधी स्टेंट घालतात.

धोके नाहीत असं नाही. स्टेंट जागेवरून सरकू शकतो. शीर फाटून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचू शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावरचं असतं. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अडलेलं रक्त एकदम परतल्यामुळे कमजोर हृदयावर ताण येतो. म्हणून त्यानंतर चोवीस तास आम्ही नजर ठेवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुढे किती काळ, हे पेशंटनुसार ठरतं. ती चिठ्ठी हरवू नका आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि हे नीट समजून घ्या, कारण इथे मोठी गफलत होते. स्टेंटने रस्ता उघडतो, गाठ तिथेच राहते. सूज उतरली, माणूस जेवायला-बोलायला लागला की घरच्यांना वाटतं आजार गेला, आणि पुढची तारीख चुकवली जाते. मी असे पेशंट दोन महिन्यांनी परत आलेले पाहिलेत, गाठ दुप्पट झालेली.

किमो आणि रेडिएशन

काही कॅन्सर औषधाला असे विरघळतात की स्टेंटची गरजच पडत नाही. लिम्फोमा, जर्म सेल गाठी, फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर. किमो सुरू झाल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत गाठ लहान होते आणि शीर मोकळी होते. २५ वर्षांच्या मुलाला लिम्फोमा असेल, त्रास सोसण्यासारखा असेल, तर डॉक्टर मुद्दाम स्टेंट टाळतात. गाठ पंधरा दिवसांत जाणार असेल तर धातूची जाळी आयुष्यभर छातीत कशाला ठेवायची? "दुसऱ्याला स्टेंट घातला, आम्हाला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच असतं. मात्र गाठ फार वेगाने विरली की मेलेल्या पेशींचा कचरा एकदम रक्तात येतो, युरिक अॅसिड वाढतं, मूत्रपिंडावर भार पडतो. म्हणून त्या काळात रोज रक्त तपासतात आणि लघवी मोजून लिहायला सांगतात. ते काम कंटाळवाणं वाटलं तरी करा.

फुप्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल कॅन्सरमध्ये किमोचा परिणाम सावकाश आणि कमी असतो. तिथे रेडिएशन उपयोगी पडतं. आपले पेशंट त्याला "लाईट देणं" म्हणतात. तीन-चार दिवसांत फरक पडू लागतो, पूर्ण परिणामाला दोन आठवडेही लागतात. अन्ननलिका शेजारीच असल्याने गिळताना दुखतं. मऊ भात, गार दूध, साय काढलेलं ताक यावर ते दिवस निघतात. बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकीय तपासण्याही करतात, कारण काही जणांना किमोऐवजी नेमक्या गोळ्या किंवा इम्युनोथेरपी लागू पडते. तो रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ स्टेंट मिळवून देतो.

अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं की किमो किंवा रेडिएशनने स्मॉल सेल प्रकारात सुमारे ७७ टक्के पेशंटना, नॉन-स्मॉल सेलमध्ये सुमारे ६० टक्के पेशंटना आराम पडला. स्टेंटने सुमारे ९५ टक्क्यांना. हे आकडे फक्त शीर मोकळी होण्याचे आहेत. आयुष्य किती वाढतं ते कॅन्सरचा प्रकार आणि टप्पा ठरवतो.

गुठळी असेल तर, नळीमुळे असेल तर

ताजी गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध हा पाया. आधी हेपरिनची इंजेक्शनं, मग गोळ्या. त्रास मोठा असेल तर बारीक नळी थेट गुठळीत नेऊन ती विरघळवणारं औषध तिथेच थेंबाथेंबाने सोडतात. मेंदूत गाठ किंवा अलीकडे रक्तस्राव झाला असेल तर हे करता येत नाही, म्हणून जुने सगळे रिपोर्ट दाखवा. नळीभोवती गुठळी झाली म्हणून नळी लगेच काढतातच असं नाही. ती चालू असेल आणि तिची गरज असेल तर औषध देत तीच वापरतात.

डायलिसिसच्या पेशंटबद्दल मला जास्त कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण इथे बराचसा त्रास टाळण्याजोगा असतो. डायलिसिस लागणार हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना पुष्कळदा काही महिने आधी माहीत असतं. तेव्हाच हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांचा जोड, करून घेतला तर मोठ्या शिरेत नळी घालावीच लागत नाही. पण फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे लागतात, माणूस "बघू पुढे" म्हणत टाळतो आणि मग एका रात्री धाप लागून येतो, मानेत नळी पडते. एक बिघडली की दुसरी, डावी-उजवी. दोन-तीन वर्षांनी फिस्टुलाचा हात सुजतो, चेहरा सुजतो. यावर फुग्याने शीर रुंद करतात, परत आकसली की परत. कधी स्टेंट घालतात. या शिरा पुनःपुन्हा आकसतात, त्यामुळे हे एकदाचं काम नसतं. नळी घालावीच लागली तर गळ्याच्या हाडाखालच्या शिरेपेक्षा उजव्या मानेतली शीर बरी, कारण तिथून वाट सरळ जाते.

पेसमेकरच्या तारांमुळे शीर अडली तर काम नाजूक होतं. स्टेंट घातला तर तारा जाळी आणि भिंत यांत चिमटल्या जातात, म्हणून आधी तारा काढून मग स्टेंट आणि नव्या तारा, असा क्रम बऱ्याचदा असतो. क्षयाच्या गाठी असतील तर क्षयाचा पूर्ण कोर्स. तो अर्धवट सोडू नका.

ऑपरेशन आता फार कमी होतं. कारण कॅन्सर नसेल, आयुष्य मोठं असेल आणि स्टेंट जमत नसेल किंवा वारंवार बंद पडत असेल, तेव्हा. त्यात मला नेहमी नवल वाटतं ते सर्जनच्या एका युक्तीचं. पायातली शीर काढतात, पण ती छातीतल्या शिरेच्या मानाने बारीक. म्हणून ती उभी चिरून पट्टी करतात, एका नळीभोवती ती पट्टी तिरकी गुंडाळत कडा शिवत जातात आणि आतली नळी काढून घेतात. पेशंटच्या स्वतःच्या शिरेची रुंद नळी तयार होते. ती वरच्या शिरेपासून हृदयापर्यंत जोडतात.

कुठे जायचं, खर्चाचं काय

आपल्या भागात खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, परळला टाटा हॉस्पिटल. पण चेहरा सुजलेला आणि धाप लागलेला पेशंट घेऊन थेट तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका. आधी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात छातीचा फोटो आणि सीटी करून घ्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणेकरांना जवळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच त्याला भेटा आणि स्टेंट कुठल्या पॅकेजमध्ये बसतो, बसत नसेल तर वरचा खर्च किती, हे विचारा. बिल हातात आल्यावर विचारून फारसं काही होत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी काकूंना एका कागदावर लिहून दिले होते. अडथळा अझायगसच्या वर आहे की खाली? आत गुठळी आहे का? तुकडा काढला का, कुठून, रिपोर्ट कधी? स्टेंट आत्ता का, किंवा आत्ता का नाही? किमो कुठल्या शिरेतून देणार?

काकांचा रिपोर्ट स्मॉल सेल आला. स्टेंटनंतर पाचव्या दिवशी किमो सुरू झाला. काकू दर रविवारी सकाळी तोच गणपतीतला शर्ट त्यांना घालायला लावायच्या आणि वरचं बटण स्वतः लावून बघायच्या. चौथ्या महिन्यात एका रविवारी बटण ओढून लावावं लागलं. चेहऱ्यावर अजून काहीच दिसत नव्हतं, धापही नव्हती. त्या सोमवारी सकाळी आठला ओपीडीत हजर, शर्ट पिशवीत. सीटीत स्टेंटच्या वरच्या टोकाशी नवी गुठळी दिसली. दोन दिवस नळीने औषध सोडलं, एकदा फुगा फिरवला, आतमध्ये दुसरा स्टेंट घालायची वेळ आली नाही. घरी जाताना काकांनी तोच शर्ट घातला होता, बटण लावून.